अडकलेला प्लग आणि थांबण्याची मजुरी

गॅरेजच्या धंद्यात एक विचित्र गोष्ट आहे. हाताने केलेल्या कामाची मजुरी गिऱ्हाईक फारशी कुरकुर न करता देते. पण जे काम थांबूनच करावे लागते, त्याची मजुरी मागताना कारागिराचीच जीभ अडखळते. मग तो थांबत नाही. जोर लावतो, काहीतरी मोडते, आणि दोन तासांच्या मजुरीसाठी हाती घेतलेले काम महिन्याची कमाई घेऊन जाते. जुन्या मोटारीच्या इंजिनात अडकून बसलेला प्लग हे अशाच कामाचे उदाहरण. कोथरूडमध्ये असे एक काम आम्ही तीन दिवस जाऊन पाहिले. त्याची हकीकत आणि त्यातून निघणारा व्यवहाराचा मुद्दा आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डहाणूकर कॉलनीच्या बाजूला एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक प्रीमियर पद्मिनी उभी होती. मालक निवृत्त गृहस्थ. गाडी सहा वर्षे जागची हललेली नव्हती. टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर, आणि बॉनेटखाली मांजरीने केलेले घर. गृहस्थांना ती विकायची नव्हती, चालवायची होती. पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ साली वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. तरीही त्यांनी मन केले होते. त्यासाठी आधी इंजिन सुरू व्हायला हवे, म्हणून पौड रोडच्या एका आडगल्लीत गॅरेज असलेल्या उस्तादांना त्यांनी बोलावले.

उस्तादांचे वय साठीच्या पुढे. बरोबर एकोणीस-वीस वर्षांचा शागीर्द. इतकी वर्षे बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टर मारून फिरवायचे नसते. आधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचे आणि इंजिन हाताने फिरवून बघायचे, हा साधा नियम. पहिला प्लग निघाला. दुसरा निघाला. चौथाही थोड्या कुरकुरीने निघाला. तिसरा मात्र जागचा हलेना.

"चाचा, जरा जोर लावा की," गृहस्थ म्हणाले. शागीर्दाने तोवर पान्याच्या दांडीत घालायला लांब पाइप शोधलाही होता.

उस्तादांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, जोर लावायचा तर आत्ता लावतो. पण मग प्लग निघेल की हेडचे आटे निघतील, हे मला सांगता येणार नाही. आधी दोन गोष्टी बोलू, मग काम करू."

त्या दोन गोष्टींकडे आपण नंतर येऊ. आधी हे पाहू की उस्ताद थांबले का.

प्लग अडकतो का?

पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे, मूळ फियाट ११०० चे. त्याचा ब्लॉक बिडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचे. प्लगचे बूड पोलादाचे. दोन वेगवेगळे धातू एकमेकांत आटे घालून वर्षानुवर्षे बसले आणि त्यात ओल शिरली, की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी तयार होते. ती आट्यांच्या फटीत सिमेंटसारखी भरते. पूर्वी कोणी प्लग गरजेपेक्षा जास्त कसलेला असेल, तर त्यात भर पडते. बूड गंजलेले असेल, तर आणखी.

अँबॅसडरच्या जुन्या १,४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे. तेथेही प्लग अडकतो, पण आटे सहसा टिकतात, मोडतो तो प्लग. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये उलटे. प्लग मजबूत आणि भोवतीचा धातू मऊ, त्यामुळे जोर लावला की प्लग आपल्याबरोबर हेडचे आटे स्प्रिंगसारखे सोलून बाहेर आणतो. मारुती ८०० पासून पुढच्या जवळजवळ सगळ्या मोटारींची हेडे ॲल्युमिनियमचीच आहेत. तेव्हा ही गोष्ट फक्त पद्मिनीपुरती नाही.

पद्मिनीच्या बाबतीत मात्र हेड खराब होणे जास्त महागात पडते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ साली ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झाली, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी असेपर्यंत सुट्या भागांची उलाढाल चालू होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता चांगले हेड हवे असेल, तर नाना पेठेतल्या जुन्या दुकानदारांकडे शब्द टाकून ठेवायचा, किंवा बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात नजर फिरवायची आणि नशिबाची वाट पाहायची.

योगायोग असा की, हे सगळे ज्या कोथरूडमध्ये चालले होते, तेथे इंजिन ही नवलाईची वस्तू नाही. किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना १९६२ साली येथेच उभा राहिला. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासूनची, तिच्या नावाने वेताळ टेकडीचा तो भाग ओळखला जातो. टेकडीवर इंजिने यंत्रांना जोडून तपासली जातात. टेकडीखाली एक उस्ताद कानाने आणि मनगटाने तपासत होते.

पहिला दिवस

पाना ठेवल्यावर त्यांनी पहिले काम केले ते सफाईचे. प्लगच्या भोवतीच्या खळगीत सहा वर्षांची माती, गंजाचा चुरा आणि मांजरीचे केस होते. छोट्या ब्रशने ते मोकळे केले, मग हातपंपाने हवा मारली. पुष्कळ जण हे विसरतात. प्लग सुटला की ही सगळी घाण थेट सिलिंडरमध्ये पडते, आणि वाळूचा एक खडा सिलिंडरची भिंत ओरबाडायला पुरेसा असतो. बाजूच्या तीन भोकांत त्यांनी आधीच कापडाचे बोळे बसवले होते.

मग बॅटरीची तार काढली, पेट्रोलची नळी सोडून तोंड बंद केले आणि पेनिट्रेटिंग ऑइलचे चार-पाच थेंब प्लगच्या बुडाशी सोडले. पिचकारी मारून खळगी भरून टाकली नाही. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. प्लगच्या षटकोनावर गोटी पाना बसवून पान्याच्या डोक्यावर हातोडीचे अगदी हलके ठोके, दरवाजावर बोटाने टकटक करावे तसे. ठोक्यांनी भुकटीत बारीक तडे जातात आणि तेल आत शिरायला वाट मिळते. त्यासाठी गोटी पाना सहा कोनी असावा, बारा कोनी नको. बारा कोनी पाना जोराच्या वेळी कोपऱ्यावरून घसरतो, षटकोन गोल होतो आणि मग पकडायलाच काही उरत नाही. जुन्या प्लगना २१ मि.मी.चा पाना लागतो, अलीकडच्या बहुतेक प्लगना १६ मि.मी.चा.

एवढे झाल्यावर उस्ताद उठले. "उद्या येतो," म्हणाले.

गृहस्थांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते की, हे त्यांना पसंत नाही. शागीर्दालाही नव्हते. जाताना तो हळूच आम्हाला म्हणाला की, पाइप लावला असता तर आतापर्यंत चहा पिऊन घरी गेलो असतो.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी वरून किटलीभर उकळते पाणी मागवले. इंजिन चालू होत असते तर ते थोडे चालवून कोमट केले असते. ते शक्य नव्हते, आणि पेट्रोलच्या गाडीजवळ दिव्याची ज्योत आणायची नाही हा त्यांचा कडक नियम. म्हणून उकळत्या पाण्यात भिजवलेल्या जाड चिंध्या पकडीने धरून हेडवर, प्लगच्या आजूबाजूला ठेवल्या. गार झाल्या की बदलल्या. पाऊण तास हेच चालले होते. वरच्या काकूंनी तीन वेळा पाणी तापवून दिले आणि चौथ्या वेळी गॅसच्या भावाची आठवण करून दिली.

यामागचे कारण शागीर्दाला माहीत नव्हते, ते आम्ही त्याला सांगितले. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. हेडचे भोक प्लगपेक्षा जास्त मोठे होते. १४ मि.मी. व्यासाच्या प्लगला ५० अंशांनी तापवले तर हा फरक साधारण एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. डोळ्याला दिसणार नाही इतका. पण भुकटीची पकड सुटायला आणि तेल आत सरकायला तेवढा पुरतो. मात्र इंजिन कडक गरम असताना प्लगला पाना लावू नये. ॲल्युमिनियम तेव्हा आणखी मऊ असते आणि आटे फाटण्याचा धोका वाढतो. कोमट हवे, भाजणारे नको.

मग उस्तादांनी टी-पाना घेतला. एका बाजूची लांब दांडी घेतली नाही, कारण एकाच बाजूने ओढले की प्लगवर आडवा ताण येतो आणि वरची चिनी माती तडकते. दोन्ही हातांनी सारखा जोर, आणि पहिल्यांदा उलटे न फिरवता घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित. मग सोडायच्या दिशेने. पुन्हा किंचित घट्ट. पुन्हा सैल.

"आता हाताने ऐक," ते शागीर्दाला म्हणाले आणि त्याचा हात दांडीवर ठेवला. प्लग खरोखर हलतो तेव्हा हाताला एक कोरडा धक्का बसतो, 'टक्' असा आवाज येतो. पण दांडी रबरासारखी लवत असेल, फिरते आहे असे वाटून सोडली की मागे येत असेल, तर प्लग हललेला नसतो, पिळला जात असतो. तेथे थांबले नाही तर पुढच्या क्षणी षटकोन हातात येतो आणि बूड हेडमध्ये राहते. हा फरक कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही.

'टक्' झाले. प्लग एका फेऱ्याच्या आठव्या भागाइतका फिरला. शागीर्द खुश होऊन पुढे फिरवू लागला, तोच उस्तादांनी त्याच्या हातावर चापट मारली. तेल. थांबा. मागे. पुढे. पुन्हा तेल. असे करत प्लग अर्धा फेरा वर आला आणि करकर आवाज करत पुन्हा घट्ट झाला.

हा करकरणारा आवाज महत्त्वाचा. बुडाशी पकड असती, तर पहिल्या धक्क्यानंतर प्लग सैल होत जायला हवा होता. अर्ध्या फेऱ्यानंतर तो पुन्हा आवळतो याचा अर्थ खालच्या टोकाला काहीतरी आट्यांत घुसते आहे. उस्तादांनी बाकीचे तीन प्लग रांगेत मांडले, ते सगळे आखूड आट्याचे होते. "हा एक लांब असणार," ते म्हणाले. म्हणजे कधीतरी, कुठेतरी, हाती होता तो लांब आट्याचा प्लग कोणीतरी या भोकात बसवला असावा. त्याचे खालचे दोन-तीन आटे ज्वलनाच्या जागेत उघडे राहिले, त्यांच्यावर काजळीचा दगड झाला, आणि आता वर येताना तो दगड हेडचे आटे कापत होता.

अशा वेळी ओढत राहणे म्हणजे स्वतःच्या हाताने आटे सोलणे. उस्तादांनी प्लग पुन्हा पूर्ण खाली बसवला. तेलाऐवजी आता कार्ब्युरेटर साफ करायचा द्राव थेंबाथेंबाने सोडला, कारण तेल गंजाला चालते पण काजळी विरघळवायला हा द्राव बरा. तो पटकन पेट घेणारा असतो, म्हणून सोसायटीच्या रखवालदाराला बिडी घेऊन लांब उभे केले. आणि पुन्हा, उद्या.

थांबण्याची ही पद्धत फक्त जुन्या उस्तादांची नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ५.४ लिटरच्या तीन व्हॉल्व्हवाल्या इंजिनात, २००४ ते २००८ च्या सुमाराच्या गाड्यांमध्ये, प्लग काढताना दोन तुकडे होऊन खालचा भाग हेडमध्येच राहण्याची तक्रार इतकी वाढली की, कंपनीला आपल्या मेकॅनिकांसाठी खास सूचनापत्रक काढावे लागले. त्यातही कृती हीच. प्लग पाव फेऱ्यापेक्षा जास्त सैल करू नका, कार्ब्युरेटर साफ करायचा द्राव सोडा, किमान १५ मिनिटे थांबा, मग मागेपुढे करत हळू काढा. फोर्डच्या त्या मेकॅनिकाला त्या पंधरा मिनिटांची मजुरी मिळते. आपल्याला का मिळू नये?

त्या दोन गोष्टी

आता पहिल्या दिवशी पाना खाली ठेवून उस्ताद काय बोलले, ते सांगतो. हा या लेखाचा खरा मुद्दा.

पहिली गोष्ट, धोका. त्यांनी गृहस्थांना गाडीजवळ बोलावून, प्लगवर टॉर्च धरून दाखवले की तो गंजला आहे. सांगितले की तीन शक्यता आहेत. प्लग नीट निघेल. प्लग निघेल पण आटे खराब होतील, मग तेथे हेलिकॉइल बसवावी लागेल. किंवा प्लग मोडेल आणि हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागेल. प्रत्येकाचा खर्च वेगळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेचा खर्च गाडीमालकाचा, कारण बिघाड आधीच गाडीत आहे. मात्र आपण घाई केली, चुकीचा पाना लावला, पाइप लावून ओढले, तर नुकसान आपले.

दुसरी गोष्ट, मजुरी. प्लग काढायची मजुरी वेगळी सांगितली नाही. तीन दिवस, प्रत्येक दिवसाची एक फेरी, प्रत्येक फेरीची ठरावीक रक्कम. पहिल्याच दिवशी निघाला तर एकाच फेरीचे पैसे. हे सगळे बिलबुकाच्या कागदावर मराठीत लिहिले, गृहस्थांची सही घेतली आणि अर्धी रक्कम आगाऊ घेतली.

ही रीत उस्तादांना महाग शिकावी लागली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या फियाटचा प्लग त्यांनी घाईत काढला. दुकानात तीन गाड्या उभ्या, गिऱ्हाईक डोक्यावर. प्लगबरोबर आटेही आले. आधी काही बोललेले नसल्यामुळे आता धोक्याची गोष्ट सांगितली तर ती सबब वाटणार, हे त्यांना कळत होते. त्यांनी नाना पेठेतून जुने हेड आणून स्वतःच्या खर्चाने बसवले. "पैसे गेले ते गेले," ते म्हणाले, "पण तो माणूस परत आलाही नाही. त्याला वाटले, मी चूक केली म्हणूनच भरून दिले." प्रामाणिकपणाने नुकसान सोसूनही नाव गेले, याचे दुःख त्यांना आजही आहे. तेव्हापासून काम हाती घेण्याआधी बोलायचे, मागून नाही.

कायदाही काही वेगळे सांगत नाही. गाडी दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये सोपवली की भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तो निक्षेप ठरतो. आपल्या रोजच्या भाषेत अमानत म्हणा. कलम १५१ प्रमाणे कारागिराने त्या वस्तूची तेवढीच काळजी घ्यायची, जेवढी एखादा सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. ती काळजी घेतली असेल आणि वेगळा काही करार नसेल, तर कलम १५२ प्रमाणे झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. काळजी घेतली हे सिद्ध कशाने होणार? त्या बिलबुकाच्या कागदाने आणि तीन दिवसांच्या तारखांनी. दुसरीकडे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि सेवेतल्या त्रुटीसाठी गिऱ्हाईक त्याखाली तक्रार करू शकते. तोंडी बोलणे तेथे फारसे टिकत नाही.

मजुरीबाबत याच कायद्याचे कलम १७० प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या वस्तूवर श्रम किंवा कसब खर्च केले, ती वस्तू मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. कायद्यात उदाहरणे दिली आहेत ती जवाहिऱ्याला पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याची आणि शिंप्याला कोट शिवायला दिलेल्या कापडाची. पण तेथेच असेही म्हटले आहे की, शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर त्याला कोट अडवता येत नाही. उधारी देणाऱ्या आपल्या बांधवांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आणि गाडी गिऱ्हाइकाच्याच पार्किंगमध्ये उभी असेल, तर ती आपल्या ताब्यातच नाही, मग अडवणार काय? घरी जाऊन काम करणाऱ्या मेकॅनिकाने अर्धे पैसे आधी घ्यावेत, ते यासाठी. उस्तादांनी कायदा वाचलेला नव्हता, पण पैसे आधी घेतले होते.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी पुन्हा किटली, पुन्हा चिंध्या. काकूंनी या वेळी न सांगता पाणी तापवून ठेवले होते. प्लग पाव फेरा वर, पाव खाली, थोडा द्राव, पुन्हा पाव वर. करकर सुरू झाली की मागे. काळे पाणी बुडाशी जमू लागले, म्हणजे काजळी सुटत होती. सव्वा तासात जेमतेम तीन फेरे झाले. त्यानंतर मात्र पाना हलका झाला, आणि शेवटचे आटे शागीर्दाने बोटांनी फिरवून प्लग बाहेर काढला. तो खरोखरच लांब आट्याचा होता. खालच्या टोकाला काजळीचे कडे, वरच्या आट्यांत पांढरी भुकटी.

टॉर्च लावून भोक पाहिले. वरचे आटे शाबूत होते, सर्वांत खालचा एक किंचित घासला गेला होता. आटे साफ करायच्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरून तो हाताने हलकेच फिरवला, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आत पडत नाही. मग भोके उघडी ठेवूनच इंजिन हाताने फिरवले, कारण सिलिंडरमध्ये उतरलेले तेल आणि द्राव आधी बाहेर पडायला हवा. ते आत राहिले आणि प्लग बसवून स्टार्टर मारला, तर दाबले न जाणारे द्रव पिस्टनला अडवते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढी मेहनत करून असा शेवट झालेला आम्ही पूर्वी पाहिला आहे.

प्लग मोडला असता तर काय करायचे, तेही थोडक्यात. चिनी माती काढून टाकून बुडाच्या पोकळीत उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर बसवून पाहतात. पिस्टन वर आणून तुकडे आत पडणार नाहीत याची काळजी घेतात. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर तो ड्रिलनेही कापला जात नाही, इतका कडक असतो. तेव्हा दुसऱ्यांदा थांबायची वेळ येथे येते. हेड उतरवून लेथवाल्याकडे नेणे हा कमीपणा नाही.

नवे प्लग चारही आखूड आट्याचे, एकाच नंबरचे घेतले. दुकानदाराने पुडी देताना "मायको" असेच म्हटले, वास्तविक बंगळूरच्या १९५१ सालच्या त्या कंपनीचे नाव २००८ पासून बॉश झाले आहे. प्लग पान्याने सुरू करायचा नाही. वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून बोटांनी फिरवायचा. आटे वाकडे पकडले, तर नळी आपोआप घसरते आणि हेड वाचते. बोटांनी पूर्ण बसला की वॉशरच्या नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा, बस्स. टॉर्क रेंच असेल तर १४ मि.मी.च्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडीच ते तीन किलो-मीटर.

आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावावी की नाही, यावर उस्ताद आणि आमच्यात मतभेद झाला. ते किंचित लावतात. एनजीकेसारख्या प्लग बनवणाऱ्या कंपन्या लावू नका म्हणतात, कारण त्यांच्या प्लगवर आधीच गंजरोधक मुलामा असतो, आणि पेस्टमुळे आटे निसरडे होऊन त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. आम्हाला कंपनीचे म्हणणे पटते. उस्ताद म्हणाले, कंपनीने ही गाडी सहा पावसाळे पार्किंगमध्ये उभी ठेवून बघितली आहे का? यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

नवे पेट्रोल, चार्ज केलेली बॅटरी, घासलेले पॉइंट. चौथ्या प्रयत्नाला इंजिनाने निळा धूर सोडला आणि ते चालू झाले. मांजर कुंपणावरून पळाले. गृहस्थांनी तीन फेऱ्यांचे उरलेले पैसे कागदावर लिहिल्याप्रमाणे मोजून दिले, एक शब्दही न काढता. प्लगची पावती पाहून मात्र ते म्हणाले की, कर्वे रोडवर हेच प्लग नगामागे पाच रुपयांनी स्वस्त मिळतात.

"मिळत असतील, साहेब," उस्ताद म्हणाले, आणि वीस रुपये परत केले.